यिद्दिशमधला लिअर

एखाद्या भाषेची कुवत किती, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. परिसंवादात विचारला जातो, वक्तृत्व स्पर्धेत विचारला जातो, आणि एस.टी.च्या थांब्यावर दोन शिकलेली माणसे भेटली की तिथेही निघतो. "या बोलीत गंभीर काही लिहिता येईल का? ही बोली शोकांतिका पेलेल का?" असे विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते. माझे मत असे की हा प्रश्नच चुकीचा आहे. भाषा अपुरी असल्यामुळे मरत नाही; तिचे मरण बाहेरून येते, आणि ते कोणी आणले हे बऱ्याचदा नावानिशी सांगता येते. या मतासाठी मला जो आधार सापडला तो आपल्याकडचा नाही. तो एका रशियन ज्यू नटाच्या आयुष्यात सापडला. त्याचे नाव सोलोमन मिखोएल्स. तो यिद्दिश रंगभूमीचा नट होता.

आधी यिद्दिशविषयी थोडे सांगायला हवे. ज्यू म्हटले की आपल्याला कोकणातले बेने इस्रायली आठवतात. परंतु त्यांची मातृभाषा मराठी. यिद्दिशशी त्यांचा संबंध नव्हता. यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची घरची भाषा. तिचा पाया जर्मन, त्यात हिब्रू शब्द पुष्कळ, शेजारच्या पोलिश-रशियन-युक्रेनियन भाषांतून आलेलेही पुष्कळ, आणि लिपी हिब्रू. प्रार्थनेची आणि पंडितांची भाषा हिब्रू. बाजारात, स्वयंपाकघरात, शिंप्याच्या दुकानात चालायची ती यिद्दिश. शिकलेले ज्यू तिला 'जार्गन' म्हणत. म्हणजे धेडगुजरी, अशुद्ध बोलणे. ज्यांना ती प्रिय होती ते तिला 'मामे-लोशन', आईची भाषा, म्हणत. इ.स. १९०८ मध्ये चेर्नोवित्झ येथे लेखक-विचारवंतांची परिषद भरली आणि यिद्दिश ही ज्यू लोकांची एक राष्ट्रीय भाषा आहे असा ठराव तिने केला. 'एकमेव' की 'एक' यावर तिथे कडाक्याचे वाद झाले. वाद घालणाऱ्यांत ती घरी न बोलणारेही होते, हे वाचून मला हसू आले. हे आपल्याकडेही नवीन नाही.

रंगभूमी त्याआधीच सुरू झाली होती. अव्रोम गोल्डफाडेन या कवीने १८७६ मध्ये रुमानियातील यासी या गावी यिद्दिशमध्ये व्यावसायिक नाटक सुरू केले. ते मद्यगृहाच्या बागेत, गाणी आणि विनोद यांच्या आधारावर उभे राहिले. १८८३ मध्ये रशियाच्या झारशाहीने यिद्दिश नाटकांवर बंदी घातली. तेव्हा नटमंडळींनी लंडन आणि न्यूयॉर्क गाठले. म्हणजे मिखोएल्स जन्मला तेव्हा त्याच्या देशात त्याच्या भाषेतले नाटक करणे गुन्हा होता.

त्याचे खरे नाव श्लोयमे वोवसी. जन्म १८९० चा, द्विन्स्क गावचा. हे गाव आज लॅटव्हियात असून त्याला दाउगावपिल्स म्हणतात. घर सनातनी वळणाचे. लहानपणी धर्मशाळेतले शिक्षण, पुढे कीव्हच्या वाणिज्य संस्थेत, आणि त्यानंतर पेत्रोग्राद येथे कायद्याचा अभ्यास. वकील होण्याच्या उंबरठ्यावर असताना, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने अलेक्सांदर ग्रानोव्स्की या दिग्दर्शकाच्या नव्या नाट्यशाळेत नाव घातले. तिथली बहुतेक मुले त्याच्याहून पुष्कळ लहान होती. रूप म्हणाल तर उंची बेताची, कपाळ प्रचंड, नाक चपटे, खालचा ओठ पुढे आलेला. तो स्वतःला कुरूप समजे. घरच्यांच्या दृष्टीने वकिली सोडून नाटकात जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा शिकायला बाहेर पडला आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

१९२० च्या अखेरीस हे नाट्यगृह मॉस्कोला आले. जेमतेम नव्वद प्रेक्षक बसतील एवढे ते दालन. त्याच्या भिंतींवरची चित्रे मार्क शागाल या तरुण चित्रकाराने काढली. हा शागाल पुढे जगप्रसिद्ध झाला. १ जानेवारी १९२१ रोजी शोलेम अलेइखेम यांच्या छोट्या नाटिकांनी त्या रंगमंचाचा आरंभ झाला. क्रांतीनंतरचे ते दिवस उपासमारीचे होते, लाकडाअभावी खोल्या गारठलेल्या, आणि अशा वेळी नव्या सरकारने पूर्वी बंदी असलेल्या भाषेला रंगभूमी दिली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिची किंमत मोजावी लागली.

पहिल्या दहा वर्षांत मिखोएल्सने केलेल्या भूमिका बहुतांशी छोट्या माणसांच्या आहेत. '२,००,०००' या नाटकातला सोडतीचे बक्षीस लागलेला शिंपी. 'ज्यू नशीब' या १९२५ च्या मूकपटातला मेनाखेम मेंडल, जो नाना धंदे करून पाहतो आणि प्रत्येकात बुडतो. १९२७ मध्ये मेंडेले यांच्या कादंबरीवरून केलेल्या नाटकातला बेंजामिन, जो आपले खेडे सोडून वचनभूमी शोधायला निघतो आणि हिंडून हिंडून भलत्याच ठिकाणी पोचतो. या बेंजामिनबरोबर सेंडरल नावाचा भोळा सोबती असतो. ती भूमिका बेन्यामिन झुस्किन याने केली. मिखोएल्स आणि झुस्किन ही जोडी तेव्हापासून जमली. एक जड पावलांचा, विचारी; दुसरा हलका, चपळ. त्यांची नाटके पाहायला यिद्दिशचे अक्षर न समजणारे रशियन लोकही येत.

काही टीकाकार या भूमिकांकडे 'विनोदी काळ' म्हणून पाहतात आणि लिअरपाशी 'गंभीर काळ' सुरू झाला असे मानतात. ही विभागणी मला पटत नाही. शिंपी, दलाल, भटक्या यांच्या भूमिका करताना मिखोएल्सने एक गोष्ट शिकून घेतली होती: बोटांनी बोलणे. बाजारातला माणूस भाव करताना जसा हात हलवतो, मोजताना जशी बोटे दुमडतो, तसे. पुढे राजा झाल्यावर त्याने हे हात टाकून दिले नाहीत. त्याच हातांनी त्याने राजा केला.

१९२८ मध्ये मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली. बर्लिन-पॅरिसला कौतुक झाले. परंतु ग्रानोव्स्की परत आलाच नाही. १९२९ पासून मिखोएल्स नाट्यगृहाचा प्रमुख झाला. १९३२ मध्ये त्याची पत्नी वारली. जवळची आणखी माणसे त्याच सुमारास गेली. विनोदी भूमिकेतून प्रेक्षकांना हसवणे त्याला असह्य होऊ लागले आणि रंगभूमी सोडावी असे त्याच्या मनात येऊ लागले. अशा मनःस्थितीत 'राजा लिअर'चा विचार पुढे आला.

यिद्दिश भाषांतर श्मुएल हाल्किन या कवीने केले. आरंभी काही काळ लेस कुर्बास हा थोर युक्रेनियन दिग्दर्शक या नाटकावर काम करत होता. डिसेंबर १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. शेवटी दिग्दर्शन सेर्गेई राद्लोव्ह याचे, नेपथ्य अलेक्सांदर तिश्लर याचे. फेब्रुवारी १९३५ मध्ये पहिला प्रयोग झाला. मिखोएल्स लिअर, झुस्किन विदूषक.

आपल्याकडे लिअर म्हटले की 'नटसम्राट' आठवतो. शिरवाडकरांनी १९७० मध्ये लिअरचे दुःख एका म्हाताऱ्या नटाच्या घरात आणले, आणि डॉ. श्रीराम लागूंच्या आवाजाने ते मराठी मनात कायमचे बसले. त्यामुळे लिअर म्हणजे भारदस्त देह आणि घुमणारी वाणी अशी आपली समजूत आहे. मिखोएल्सचा लिअर याच्या अगदी उलट होता. त्याला दाढी नव्हती. पांढरीशुभ्र लांब दाढी हे लिअरचे जवळजवळ सर्वमान्य चिन्ह. तेच त्याने नाकारले. पहिल्या प्रवेशात तो गाजावाजा करत येत नाही. सिंहासनावर विदूषक बसलेला असतो, आणि ठेंगणा, गुळगुळीत तोंडाचा म्हातारा गुपचूप आत येतो. हा राजा आहे हे कळायलाच क्षणभर वेळ लागतो. राज्य वाटून टाकल्यावर तो मधूनच डोक्यावरून हात फिरवतो: तिथे मुकुट होता, आता नाही, परंतु हाताला सवय आहे. ही एकच हालचाल नाटकभर येते. त्याचे ते बारीकसे हसूही येते. पहिल्या अंकात ते मुलींची गंमत करणाऱ्या बापाचे असते, शेवटी वेगळेच होऊन बसते. मेलेल्या कॉर्डेलियाच्या ओठांना तो बोटे लावतो आणि ती बोटे आपल्या ओठांना लावतो.

या भूमिकेवर मिखोएल्सने स्वतः एक दीर्घ लेख लिहिला. त्याच्या मते लिअरचे दुःख कृतघ्न मुलींचे नाही. लिअर असे समजत आला की आपण इतर माणसांहून वेगळे, आपल्याला सत्य आपोआप कळते. ही समजूत वादळात फुटते, आणि ती फुटल्याशिवाय त्याला माणसे दिसत नाहीत. १९३५ च्या मॉस्कोत उभे राहून सर्वसत्ताधीशाविषयी असे बोलणे हे धाडस होते की निव्वळ कलेचा विचार, यावर वाद होऊ शकतो. मला त्यात दोन्ही दिसते.

इंग्लंडचा नाट्यतज्ज्ञ एडवर्ड गॉर्डन क्रेग त्या वर्षी मॉस्कोत होता. शेक्सपिअर त्याच्या घरचाच. त्याची आई एलेन टेरी ही शेक्सपिअरच्या नायिकांसाठी गाजलेली नटी. तो हा लिअर पुन्हापुन्हा पाहायला गेला आणि त्याने त्याची मनापासून स्तुती केली. इथे जरा थांबावे. शिंप्याच्या दुकानातली, 'जार्गन' म्हणून हिणवलेली भाषा, तिच्यात शेक्सपिअर, आणि तो पाहायला शेक्सपिअरच्या देशातला जाणकार पुन्हापुन्हा येतो आहे. भाषेची कुवत विचारणाऱ्यांनी आणखी कोणता दाखला मागायचा?

हे मी इतक्या तावातावाने का लिहिते, ते सांगते. आमच्या घरी वऱ्हाडी बोलतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मी गॅदरिंगची जेवढी नाटके पाहिली त्यांत नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि वऱ्हाडी बोलतो तो गडी, नाहीतर खेड्यातला मामा. त्याने नुसते "काहून" म्हटले की सभागृहात हशा. मामा चांगला वठला तर मीही हसते; त्यात काही वाईट नाही. परंतु त्या मामाची मुलगी मेली तर तो कोणत्या भाषेत रडेल? आमच्या गावात माणसे मरतात, जमिनीचे वाटे होतात, मुली बापाला विचारीनाशा होतात किंवा बाप मुलींना. हे सगळे वऱ्हाडीतच घडते आणि तेव्हा कोणी हसत नाही. मिखोएल्सने लिअर केला म्हणून यिद्दिश मोठी झाली असे मी म्हणणार नाही. ती भाषा घराघरांत आधीपासून ते दुःख बोलतच होती. त्याने ते रंगमंचावर, गंभीरपणे, लोकांच्या समोर बोलून दाखवले, एवढेच. आणि ते 'एवढेच' आपल्याकडे अजून फारसे झालेले नाही.

आता आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणेल, मिखोएल्स सरकारी नट होता. खरे आहे. नाट्यगृह सरकारी अनुदानावर चाले. त्याने पदे घेतली, १९३९ मध्ये 'लोककलावंत' हा सर्वोच्च किताब घेतला, स्टालिनच्या गौरवाची भाषणे केली, आणि लिअरच्या आगेमागे पक्षाला रुचतील अशी पुष्कळ सामान्य नाटकेही केली. यिद्दिशचे शुद्धलेखनसुद्धा त्या राजवटीत बदलले होते: हिब्रूतून आलेले शब्द मूळ हिब्रूप्रमाणे न लिहिता उच्चाराप्रमाणे लिहावेत असा दंडक होता. शुद्धलेखनाच्या आड धर्माशी असलेली नाळ तोडायची होती. हे सगळे ठाऊक असून तो तिथे राहिला.

मला तरीही त्याला एका फटकाऱ्यात 'सरकारचा माणूस' म्हणणे अन्यायाचे वाटते. दुसरा मार्ग काय होता ते पाहावे. न्यूयॉर्कमध्ये सेकंड अॅव्हेन्यूवर यिद्दिश नाटकांची ओळच्या ओळ थिएटरे होती. तिथे सरकारची मदतही नव्हती आणि बंदीही नव्हती. जेकब अॅडलरने तिथे १८९२ मध्येच जेकब गॉर्डिन यांचे 'यिद्दिश राजा लिअर' गाजवले होते. त्यात लिअर हा एक श्रीमंत ज्यू व्यापारी आहे. ती रंगभूमी तिकिटांवर जगली, आणि तिकिटे घेणाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत गेल्यावर थकत गेली. एकीकडे सरकार, दुसरीकडे गल्ला. दोन्ही आधार बाहेरचे. मिखोएल्सच्या नाट्यगृहाला त्याशिवाय ती दुसरी काळजीही होती: मॉस्कोतले तरुण ज्यूही रशियन बोलू लागले होते. अशा स्थितीत वीस-पंचवीस वर्षे एका भाषेचा दिवा तेवत ठेवण्यासाठी त्याने ज्या तडजोडी केल्या, त्या मी तरी दुरून मोजायला बसणार नाही. ज्यांनी तडजोड केली नाही त्यांचा मला आदर आहे. परंतु कुर्बास गेला आणि लिअर मिखोएल्सला करावा लागला, हेही खरे आहे.

युद्धात त्याचे सरकारशी असलेले नाते आणखी घट्ट झाले. १९४२ मध्ये 'ज्यू फॅसिस्टविरोधी समिती' स्थापन झाली, तिचा तो अध्यक्ष. १९४३ मध्ये कवी इत्सिक फेफर याच्यासह तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ८ जुलै रोजी सुमारे ५०,००० माणसे त्यांना ऐकायला जमली. आइन्स्टाइनची भेट झाली. सोव्हिएत युद्धासाठी लाखो डॉलर जमले. तो यिद्दिशमध्ये बोलला आणि समुद्रापलीकडच्या माणसांना ते कळले. मला वाटते त्याचा घात इथेच झाला. जोवर त्याची भाषा मॉस्कोच्या एका नाट्यगृहात होती तोवर ती सरकारी कपाटातली शोभेची वस्तू होती. सीमेपलीकडे तिला ऐकणारे हजारो आहेत हे दिसल्यावर ती संशयाची वस्तू झाली.

त्या काळात हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यू मारले. त्यांतील बहुसंख्य यिद्दिश बोलणारे होते. मिखोएल्स मॉस्कोला परतला तो अशा भाषेचा नट म्हणून, जिचा प्रेक्षक गावेच्या गावे नाहीसा झाला होता. १९४५ मध्ये त्याने 'फ्रेलेख्स' नावाचा लग्नसोहळ्याचा आनंदी खेळ बसवला. त्याला १९४६ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळाले.

जानेवारी १९४८ मध्ये त्याच पारितोषिकासाठी नाटके पाहण्याच्या कामावर त्याला मिन्स्कला पाठवले. १३ जानेवारीच्या सकाळी बर्फात त्याचे आणि सोबतचे समीक्षक गोलुबोव्ह-पोतापोव्ह यांचे प्रेत सापडले. मोटार अपघात, असे जाहीर झाले. वस्तुतः स्टालिनच्या हुकमावरून गुप्त पोलिसांनी त्या दोघांना शहराबाहेर एका अधिकाऱ्याच्या बंगल्यात नेऊन मारले होते आणि मालमोटारीखाली घालून रस्त्यावर टाकले होते. १९५३ मध्ये, स्टालिन मेल्यावर, बेरियाच्या टिपणात हे लेखी आले; जनतेला कळायला आणखी कितीतरी वर्षे गेली. मॉस्कोत अंत्ययात्रा सरकारी इतमामाने झाली. हजारो माणसे रांगेने दर्शन घेऊन गेली. नाट्यगृहाला त्याचे नाव देण्यात आले! मारायचे, आणि पाटीवर नाव लावायचे.

पाटी फार दिवस टिकली नाही. झुस्किन प्रमुख झाला, परंतु डिसेंबर १९४८ मध्ये रुग्णालयात झोपेच्या उपचाराखाली असतानाच त्याला उचलले. प्रेक्षक भीतीने येईनासे झाले, अनुदान आटले, आणि १९४९ मध्ये नाट्यगृह बंद झाले. १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री तेरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत लिअरचा विदूषक झुस्किन होता, अमेरिकेला बरोबर गेलेला फेफर होता, मिखोएल्सवर शोककविता लिहिणारा पेरेत्स मार्किश होता. १३ जानेवारी १९५३ रोजी, म्हणजे खुनानंतर बरोबर पाच वर्षांनी, 'प्रावदा'ने मिखोएल्सला 'बूर्झ्वा राष्ट्रवादी' म्हणून जाहीर केले. त्या बातमीत ज्या डॉक्टरांवर मुद्दाम घातक उपचार केल्याचे आरोप होते, त्यांत त्याचा चुलतभाऊ मिरोन वोवसीही होता.

म्हणून "यिद्दिश मागे पडली" हे वाक्य मी वाचते तेव्हा मला ते खटकते. न्यूयॉर्कपुरते ते काही अंशी खरे असेल. इतरत्र बोलणारे मारले गेले, लिहिणारे मारले गेले, नाटक करणारे मारले गेले, आणि मग पुस्तकात कर्मणी प्रयोगही नाही, अकर्मक क्रियापद आले: मागे पडली. मराठीच्या प्राध्यापकांनी यावर विचार करावा अशी माझी नम्र विनंती आहे.

मागे काय उरले? लिअरच्या प्रयोगाच्या चित्रफितीचे थोडे तुकडे आहेत. शागालची भित्तिचित्रे त्रेत्याकोव्ह संग्रहालयात वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवली होती. १९७३ मध्ये म्हातारा शागाल मॉस्कोला आला तेव्हा त्याने त्यांवर सही केली. लोकांना ती पाहायला मिळाली १९९१ पासून. आणि १९३६ चा 'सर्कस' नावाचा एक गाजलेला सोव्हिएत बोलपट आहे. त्याच्या शेवटी एका काळ्या बाळाला प्रेक्षकांतली निरनिराळ्या भाषांची माणसे हातोहात पुढे देतात आणि आपापल्या भाषेत अंगाई म्हणतात. त्यात एक कडवे मिखोएल्स यिद्दिशमध्ये म्हणतो. त्याच्या खुनानंतर ते कडवे चित्रपटातून कापले होते. पुढे ते परत जोडले. आज तो चित्रपट पाहायला मिळतो. एवढ्याशा वेळात त्याचा चेहरा, ते कपाळ, तो ओठ दिसतो, आणि त्याचा आवाज ऐकू येतो.